गणित आणि श्रद्धा : जॉन बोगल यांचें अर्थलेखन

शेअरबाजारावरील पुस्तकांचा परामर्श वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकानें कां घ्यावा, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आणि तो गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पैशाविषयीं लिहिणें हें काम आपल्याकडे बहुधा दैनिकांतील बाजारभावांच्या रकान्याकडे सोंपविलेलें असतें, आणि सुशिक्षित कुटुंबांत पैशाविषयीं उघड बोलणें अजूनहि थोडेंसें असभ्यपणाचें मानलें जातें. परंतु लोकहितवादींनीं १८४९ सालीं 'लक्ष्मीज्ञान' लिहिलें, तेव्हांपासून द्रव्यविचार हा मराठी गद्याचा एक सन्मान्य विषय आहे. शिवाय ज्या लेखकाच्या लिखाणाचा परिणाम लक्षावधि कुटुंबांच्या संसारावर झाला, आणि तोहि कोणतेंच गुपित न सांगतां, केवळ एकच साधी गोष्ट जन्मभर सांगत राहिल्यानें झाला, त्याच्या लेखनाचें मर्म शोधणें हें टीकाकाराचेंच काम आहे.

या लेखकाशीं आमचा परिचय झाला तो एका फजितीमुळें. कांहीं वर्षांपूर्वीं एक विनयशील तरुण आमच्या घरीं आला, त्यानें चहा घेतला, मुलांच्या शिक्षणाची चौकशी केली, आणि विमा व गुंतवणूक यांचा संगम असलेली एक योजना तो आमच्या गळ्यांत घालून गेला. पहिल्या वर्षीं भरलेल्या हप्त्याचा केवढा मोठा हिस्सा मोबदला आणि खर्च यांतच जिरला, हें आम्हांस तीन वर्षांनीं, योजना मोडावयास गेलों तेव्हां कळलें. शब्दांचा अर्थ लावणें हाच ज्यांचा धंदा, त्या आम्हांला बारीक टायपांत छापलेलीं चार पानें वाचण्याची बुद्धि झाली नाहीं! ही हकीकत ऐकून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें जॉन बोगल यांचें एक लहानसें पुस्तक आम्हांस पाठविलें. तें आम्हीं एका बैठकींत वाचलें. मग त्यांचीं इतर पुस्तकेंहि मिळवून वाचलीं. त्या वाचनाचा हा आढावा आहे.

बोगल यांचा जन्म १९२९ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत झाला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढील मंदींत त्यांच्या कुटुंबाची वडिलोपार्जित संपत्ति नाहींशी झाली. शिष्यवृत्तीच्या आणि पडेल त्या कामाच्या आधारें ते शिकले. प्रिन्स्टन विद्यापीठांत असतां 'फॉर्च्यून' मासिकाच्या १९४९ सालच्या एका अंकांतील म्युच्युअल फंडांवरचा लेख त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्याच धंद्यावर त्यांनीं १९५१ सालीं आपला प्रबंध लिहिला. पुढें 'वेलिंग्टन' या फंडसंस्थेंत नोकरी, तेथेंच अध्यक्षपद, आणि भागीदारांशीं बिनसल्यामुळें १९७४ च्या जानेवारींत त्या पदावरून गच्छंति! त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांनीं 'व्हॅनगार्ड' ही संस्था स्थापन केली. १७९८ सालच्या नाईलच्या लढाईंतील नेल्सनच्या जहाजाचें हें नांव. या संस्थेची मालकी बाहेरच्या भांडवलदारांकडे नसून तिच्या फंडांकडे, म्हणजे पर्यायानें त्यांत पैसा ठेवणाऱ्या सामान्य माणसांकडेच राहावी, अशी तिची घटना होती. बोगल यांच्या लेखनांतील पुढचें सारें तत्त्वज्ञान या एका घटनेंत बीजरूपानें आहे.

१९७६ सालीं या संस्थेनें सामान्य गुंतवणूकदारांसाठीं पहिला निर्देशांक-निधि काढला. ज्या वाचकांना ही परिभाषा अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. निर्देशांक म्हणजे बाजारांतील निवडक कंपन्यांच्या भागांच्या किंमतींचा एकत्रित मापक. आपल्या मुंबईचा तीस कंपन्यांचा 'सेन्सेक्स' किंवा पन्नास कंपन्यांचा 'निफ्टी' हीं त्याचीं परिचित उदाहरणें. निर्देशांक-निधि या यादींतील सर्व कंपन्यांचे भाग त्यांच्या आकाराच्या प्रमाणांत विकत घेतो आणि स्वस्थ बसतो. कोणती कंपनी चढेल, कोणती पडेल, याचा तर्क तो करीत नाहीं. म्हणून त्याला तर्क करणाऱ्या पंडितांचे पगारहि द्यावे लागत नाहींत. असा निधि कोणीतरी काढावा, असें अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअल्सन यांनीं १९७४ सालींच लिहिलें होतें. तथापि बोगल यांनीं तो काढला तेव्हां १५ कोटि डॉलर जमतील ही अपेक्षा असतां जमले अवघे १ कोटि १३ लाख. धंद्यांतील लोकांनीं त्याला 'बोगलचा वेडेपणा' असें नांव ठेविलें. बोगल २०१९ च्या जानेवारींत वारले तेव्हां त्यांच्या संस्थेकडे सुमारें पांच लाख कोटि डॉलरची ठेव होती.

परंतु यश हें ग्रंथाच्या गुणाचें प्रमाण नव्हे. म्हणून आतां पुस्तकांकडे वळूं. १९९३ पासून २०१८ पर्यंत त्यांनीं डझनभर ग्रंथ लिहिले. त्यांतील १९९९ सालचा म्युच्युअल फंडांवरील मोठा ग्रंथ हा अभ्यासकांसाठीं आहे. आंकड्यांनीं आणि आकृत्यांनीं तो इतका भरला आहे कीं, सामान्य वाचक शंभराव्या पानावर दम घेण्यास थांबतो आणि पुन्हां उठत नाहीं. खरी लोकप्रियता मिळाली ती २००७ सालच्या लहान पुस्तकास. त्याची रचना आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगांत निरूपण करितो व उत्तररंगांत आख्यान लावितो. बोगल यांनीं हा क्रम उलटा केला आहे, एवढेंच. ते आधीं आख्यान सांगतात. एका देशांतील सर्व कंपन्यांची मालकी एकाच विशाल कुटुंबाकडे असते. कंपन्यांचा सर्व नफा त्या कुटुंबालाच मिळत असल्यानें सगळे दिवसेंदिवस श्रीमंत होत असतात. इतक्यांत कांहीं चतुर साहाय्यक येतात आणि चुलतभावांना कानमंत्र देतात, कीं तुम्ही थोडे भाग इतर भावांना विकून दुसरे घ्या, म्हणजे त्यांच्यापेक्षां अधिक कमवाल. मग दलाली सुरू होते. ती पुरेना म्हणून भाग निवडून देणारे तज्ज्ञ येतात. ते पुरेनात म्हणून तज्ज्ञ निवडून देणारे तज्ज्ञ येतात. कुटुंबाच्या ताटांतील घास कमी होत जातो आणि कोणासच कारण उमगत नाहीं. अखेर घरांतला एक शहाणा म्हातारा सांगतो कीं, या सर्वांस निरोप द्या. ही कथा मूळ वॉरन बफे यांची, त्यांच्या कंपनीच्या २००५ सालच्या अहवालांतील आहे, आणि हें ऋण बोगल मोकळ्या मनानें मान्य करितात.

या आख्यानाचें निरूपण म्हणजेच बोगल यांचा सिद्धान्त. बाजारांतील सर्व लोकांची सरासरी कमाई ही बाजाराच्या कमाईइतकीच असणार. कारण सर्व लोक मिळूनच बाजार होतो. एकानें सरासरीपेक्षां जास्त मिळविलें तर दुसऱ्यानें तेवढें कमी मिळविलेलें असलेंच पाहिजे. यांतून खर्च वजा केला कीं, धडपडणाऱ्यांचा समुदाय हा स्वस्थ बसणाऱ्यांच्या मागें पडणार, हें बेरीज-वजाबाकीनेंच ठरतें. विल्यम शार्प यांनीं १९९१ सालीं हीच गोष्ट एका छोट्या निबंधांत तर्कशुद्ध रीतीनें मांडली होती. बोगल यांनीं ती स्वयंपाकघरापर्यंत पोंचविली. आम्हीं आमच्या समाधानासाठीं एक हिशेब करून पाहिला. एक लाख रुपये दरसाल दहा टक्क्यांनीं तीस वर्षें वाढले तर त्यांचे सुमारें १७ लाख ४५ हजार होतात. याच दहांतून दरसाल दीड टक्का मध्यस्थाकडे गेला तर उरतात ११ लाख ५६ हजार. दीड टक्का हा शब्द ऐकतांना किती गरीब वाटतो! पण तीस वर्षांत त्यानें एकूण रकमेचा तिसरा हिस्सा खाल्ला. मुद्दल आपलें, धोका आपला, तीस वर्षांची वाट पाहणें आपलें. आणि तिसरा वांटा दुसऱ्याचा.

बोगल यांच्या शैलीचें सामर्थ्य येथें आहे. त्यांचें गद्य अलंकारानें सजलेलें नाहीं, तें सरळ चालतें. गवताच्या गंजींत सुई शोधण्यापेक्षां गंजीच विकत घ्यावी, अशा घरगुती दृष्टान्तावर त्यांची भिस्त असते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं ते आपला शब्द प्रमाण मानूं नका असें बजावून इतर विद्वानांच्या साक्षी काढतात. ही युक्ति वकिली आहे खरी. पण ज्या विषयांत प्रत्येकजण माझ्यावर विश्वास ठेवा असें म्हणत दारांत उभा असतो, त्या विषयांत ती प्रामाणिकपणाची खूण ठरते. दोष सांगावयाचा तर पुनरुक्तीचा. एकच ध्रुपद ते इतक्यांदा घोळतात कीं, त्यांचीं तीन पुस्तकें वाचणाऱ्यास चौथें न उघडतांच पाठ म्हणतां यावें. २०१८ सालच्या आत्मवृत्तपर ग्रंथांत तर संस्थेच्या इतिहासाबरोबर स्वतःच्या दूरदृष्टीचें कौतुक अंमळ जास्त झालें आहे. तथापि या पुनरुक्तीचा आम्ही फार मोठा दोष करीत नाहीं. मोह रोज नव्या वेषांत येतो. उपदेशकाला जुनेंच बोलावें लागतें.

आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. बोगल यांच्या उपदेशाचे दोन भाग आहेत. खर्च कमी तर पदरांत जास्त, हा पहिला भाग गणिताचा आहे. तो न्यूयॉर्कांत खरा आहे, टोकियोंत खरा आहे, आणि पुण्यांतहि खरा आहे. परंतु सर्व बाजार विकत घ्या, धीर धरा, आणि कालांतरानें तुमचें कल्याण होईल, हा दुसरा भाग गणिताचा नव्हे. तो श्रद्धेचा आहे. देशांतील उद्योगधंदे वाढत जातील, त्यांचा नफा भागधारकांपर्यंत पोंचेल, युद्ध, क्रांति किंवा राज्यकर्त्यांची लहर त्याच्या आड येणार नाहीं, ही ती श्रद्धा. विसाव्या शतकांतील अमेरिकेच्या इतिहासानें ती पुष्कळ अंशीं सार्थ ठरविली, आणि बोगल हे त्या इतिहासाचेच अपत्य. किंबहुना अमेरिकन माणसानें परदेशांतील कंपन्यांचे भाग घेण्याची गरजच नाहीं, असें त्यांचें अखेरपर्यंत मत होतें. आमची तक्रार अशी कीं, लहान पुस्तकाच्या वाचकाला पहिला भाग कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला, हें लेखक पुरेसें स्पष्ट करून सांगत नाहीं. गणिताची निश्चितता नकळत श्रद्धेच्या अंगावर चढते.

जपानचें उदाहरण घ्या. टोकियोचा 'निक्केई' निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी त्यानें पुन्हां ओलांडली ती २०२४ च्या फेब्रुवारींत. पन्नाशींतल्या एखाद्या जपानी अध्यापकानें त्या डिसेंबरांत आपली सारी पुंजी या निर्देशांकावर ठेविली असती, तर तो आंकडा पुन्हां दिसेपर्यंत तो चौऱ्याऐंशीच्या घरांत गेला असता. त्यानें बोगल यांचा एकहि नियम मोडलेला नसता. न्यायासाठीं सांगितलें पाहिजे कीं, मधल्या काळांत त्याला लाभांश मिळाला असता. दरमहा थोडें थोडें घेणाऱ्याची गति याहून बरी झाली असती. आणि वय वाढेल तसा पुंजीचा मोठा भाग रोख्यांत ठेवावा, असें बोगल स्वतः सांगत आले होते. तरीहि धीर धरणें हा सद्गुण असला तरी तो हुंडी नव्हे. त्याच्यावर ठराविक मुदतीला ठराविक रक्कम मिळत नाहीं. खुद्द बोगल यांचा अनुभव पाहा. २०१७ सालच्या सुधारित आवृत्तींत, पुढील दहा वर्षांत अमेरिकन बाजार दरसाल सुमारें चार टक्केच देईल, असा सावध अंदाज त्यांनीं केला. बाजारानें पुढील वर्षांत त्याहून कितीतरी अधिक दिलें. गणित सोडून भाकिताकडे वळतांच या शहाण्या माणसाचेंहि पाऊल घसरलें. आमच्या मतें ही त्यांची नामुष्की नसून त्यांच्याच सिद्धान्ताची पुष्टि आहे. फक्त तो सिद्धान्त त्यांच्या आशावादालाहि लागू पडतो, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

दुसरा आक्षेप समाजहिताचा. सर्वच लोक निर्देशांक घेऊन स्वस्थ बसले तर कंपन्यांच्या कारभाराची चिकित्सा कोण करणार? निर्देशांक-निधि चांगल्या कंपनीचे भाग घेतो आणि वाईट कंपनीचेहि घेतो. आकार हीच त्याची कसोटी. शिवाय जगांतील सर्वांत प्रसिद्ध अशा अमेरिकेंतील पांचशें कंपन्यांच्या निर्देशांकांत कोणास घ्यावें हें एक समितीच ठरविते. म्हणजे स्वस्थ बसणाऱ्याच्या वतीनें कोणीतरी निवड करीतच असतो. परंतु याहून मोठा धोका खुद्द बोगल यांनींच दाखविला आहे, आणि त्यांच्याविषयींचा आमचा आदर दुणावला तो येथें. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्रांत त्यांनीं एक लेख लिहिला. निर्देशांक-निधि असेच वाढत राहिले तर अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या कंपन्यांवरील मताधिकार थोड्याशा अवाढव्य संस्थांच्या हातीं जाईल, आणि तें राष्ट्राच्या हिताचें नाहीं, असा इशारा त्यांनीं त्यांत दिला. त्या संस्थांत त्यांची स्वतःची संस्था अग्रभागीं होती. वय एकोणनव्वद, १९९६ सालीं बसविलेलें परक्याचें हृदय छातींत, आणि लिहिलें तें आपल्याच जन्मकार्याच्या अतिरेकाविरुद्ध! यानंतर दोन महिन्यांच्या आंत ते निवर्तले. आपल्या पंथाचे दोष अनुयायांस सांगून जाणारे आचार्य कोणत्याहि काळांत विरळाच.

या प्रकाशांत त्यांचें २००८ सालचें 'पुरेसें' या अर्थाच्या नांवाचें छोटें पुस्तक वाचावें. वाङ्मयदृष्ट्या आम्हांस तेंच सर्वोत्कृष्ट वाटतें. त्याच्या आरंभीं एक आख्यायिका आहे. एका धनाढ्याच्या मेजवानींत कादंबरीकार कुर्त व्हॉनेगट यांनीं आपले मित्र जोसेफ हेलर यांस म्हटलें कीं, तुमच्या गाजलेल्या कादंबरीनें आजवर जेवढें मिळविलें नसेल तेवढें आपल्या यजमानानें काल एका दिवसांत मिळविलें. त्यावर हेलर उत्तरले कीं, माझ्यापाशीं मात्र जी गोष्ट आहे ती त्याला कधींच मिळणार नाहीं. ती म्हणजे पुरेसें असल्याची जाणीव. या आख्यायिकेवर बोगल यांनीं पैसा, व्यवसाय आणि जीवन यांविषयींचे आपले निबंध गुंफले आहेत. येथें त्यांच्या एका विरोधाभासाचा उलगडा होतो. निर्देशांक-निधीचा उपदेश वरकरणीं संपत्ति मिळविण्याचा आहे. अंतर्यामीं तो हांव सोडण्याचा आहे. शेजाऱ्यापेक्षां जास्त मिळविण्याचा हट्ट सोड, सर्वांना मिळेल तेवढें घे, आणि उरलेला वेळ मुलांबाळांना, कामाला, वाचनाला दे, असें तो सांगतो. तुकोबांच्या भूमींत वाढलेल्या वाचकाला हें तत्त्व परकें वाटणार नाहीं. मात्र आपल्याकडील संतोष बहुधा पैशाकडे पाठ फिरवून मिळविलेला असतो. बोगल तो पैशाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून मिळवितात. आमच्यासारख्या संसारी माणसांना ही दुसरी रीत अधिक उपयोगाची, असें आम्हांस प्रांजलपणें वाटतें.

आणि हा विचार आतां आपल्या उंबऱ्याच्या आंत येऊन पोंचला आहे. १८६५ च्या जुलैंत कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार फुटला, तेव्हांपासून शेअर म्हणजे जुगार हें समीकरण आपल्या घरांत रूढ आहे. परंतु २०१५ च्या ऑगस्टपासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या नव्या जमेचा कांहीं अंश निर्देशांकांवर आधारलेल्या निधींत गुंतविला जाऊं लागला. म्हणजे बाजाराचें नांव काढतांच कानांवर हात ठेवणारे अनेक नोकरदार न कळत बोगल यांचे शिष्य झाले. तसेंच १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाची, मध्यस्थाचा मोबदला वगळलेली 'डायरेक्ट' योजना ठेवणें सेबीनें बंधनकारक केलें. कायद्यानें दार उघडलें; आंत जाण्यास जें वाचन लागतें तें मात्र कोणी कोणासाठीं करून देत नाहीं. आमच्या फजितीचा दोष आम्ही त्या तरुणावर ढकलीत नाहीं. तो त्याचें पोट भरीत होता. आम्ही आमच्या विद्वत्तेच्या गुर्मींत होतों.

सारांश, आमची शिफारस अशी. घरांतील मिळवत्या मुलामुलींना बोगल यांचें लहान पुस्तक जरूर वाचावयास द्यावें. मोठ्या ग्रंथाची घाई नाहीं. त्यांतील गणित निःशंकपणें स्वीकारावें आणि घरीं आलेल्या प्रत्येक योजनेला, खर्च किती, हा एक प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. त्यांतील श्रद्धा मात्र श्रद्धा म्हणूनच घ्यावी. दोन-चार वर्षांत लागणारी फी, लग्नाचा किंवा दुखण्याचा पैसा तिच्या भरंवशावर टाकूं नये. आणि वडील मंडळींनीं 'पुरेसें' हें पुस्तक स्वतः वाचावें. आम्हीं आमचा तोट्याचा तो विमापत्रक-कागद टाकून दिलेला नाहीं. बोगल यांच्या लहान पुस्तकांत तो खूण म्हणून ठेविला आहे. पुस्तक उघडलें कीं तो आधीं हातीं येतो, आणि त्यावरचीं बारीक अक्षरें आतां आम्ही चष्मा लावून वाचतों.